उघड्या डोळ्यांचा फोटो

१८ नोव्हेंबर २००७
उचगावात चांगली खोली मिळाली. खिडकीतून भरपूर ऊन येते, कारखाना सायकलने जाण्याइतका जवळ आहे. चंदगडच्या ओलीनंतर ही कोरडी हवा बरी वाटते. सामान उतरवताना घरमालकीण चिमणाबाई म्हणाल्या, "पावणं, एकटंच हाय व्हय? मग भांडी काय वरातीला आणलीसा?" मला हसू आले. उन्हाळ्यात पवित्रा गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. भांडी तिची आहेत. मागे ठेववली नाहीत.

२६ नोव्हेंबर
सोमवारची सुट्टी. ट्रंकेतून जुना रोलचा कॅमेरा काढला. डिजिटल घेतल्यापासून तो पडून होता. आमच्या लग्नाचा अल्बम पुरात गेला, आणि डिजिटलमधले पवित्राचे फोटो कार्ड खराब झाल्याने गेले. डोळे उघडे असलेला तिचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. कधी कधी तिची नजर आठवतच नाही.
नवा रोल आणून खोलीचेच फोटो काढले. प्रत्येक वेळी कॅमेरा उलटा करून पाहत होतो. मागे नुसता काळा पत्रा.

१ डिसेंबर
बिंदू चौकाजवळच्या फोटो स्टुडिओवाल्या वर्धमानांनी रोल धुऊन दिला. जुनाच रोल पुन्हा भरला असणार, एकावर एक फोटो आलेत, असे ते म्हणाले. रोल मी त्यांच्याकडूनच नवा घेतला होता.
भिंतीला टेकून पवित्रा बसली आहे. आम्हा लिंगायतांत माणूस गेले की बसवतात, विभूती लावतात, हार घालतात, आणि नेण्याआधी घरचे लोक शेजारी बसून एक फोटो काढतात. तिचाही काढला होता. तो मेहुण्याकडे आहे. हा तसाच, डोळे मिटलेले. पण भिंत या खोलीची आहे.
घाबरायला हवे होते. जेवताना प्रिंट समोर ठेवली.

१० डिसेंबर
दुसरा रोल. ती खिडकीशी, मग शेगडीजवळ, मग माझ्या कॉटवर. सगळीकडे बसलेली. शेवटच्या फोटोत पापणी किंचित वर आहे.
वर्धमानांनी पाकीट उलटे करून हातात दिले. पुन्हा येऊ नका, असे हळूच म्हणाले.

१५ डिसेंबर
चिमणाबाई विचारत होत्या, वैनी कवा आल्या, आन् दिवसभर भिंतीला टेकून का बसत्यात, बोलत का न्हाईत. कुणीतरी तिला वैनी म्हणाले —
तिसरा रोल सगळा रिकाम्या भिंतीचाच काढला. डोळे दिसले की थांबेन. एवढेच हवे आहे.

१७ डिसेंबर
रोल कागलला धुऊन घेतला. पाकीट फोडायचे नाही —

फोडले. सगळ्या प्रिंट एकसारख्या.
भिंतीला टेकून मी बसलो आहे. कपाळी विभूती. गळ्यात हार. डोळे मिटलेले.
शेजारी पवित्रा. डोळे उघडे. तीच नजर. किती दिवसांनी —
पण कॅमेरा माझ्या हातात होता. मग हा फोटो कुणी —

पाठ भिंतीला कधी टेकली कळले नाही. उठता येत नाही. मानेला काहीतरी ओले, गार लागते आहे.
दाराशी चिमणाबाई कुणाला तरी सांगत आहेत, वैनी, तुमी जवळ सरकून बसा —

पापण्या जड झाल्या आहेत. मिटायच्या नाहीत. ती बघते आहे, मला अजून थोडा वेळ तिच्याकडे —