पिनोची ओळ

प्रिय आरियान,

फोन करत नाहीये, कारण तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलेन.

यंदा बर्फ धड पडलाच नाही. जानेवारीत पाऊस आला, होता तोही वाहून गेला, आणि मग उणे तिशीची थंडी उघड्या जमिनीवर येऊन बसली. तुझ्या बाबांच्या फ्राँतनाक द्राक्षांच्या वेलींना काय, त्या गेंड्याच्या कातडीच्या. पण तुझी पिनो द्राक्षांची ओळ नाजूक. ऑक्टोबरात बुंध्यांवर घातलेली मातीची भर पुरणार नाही, म्हणून मी रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग फोडून पांघरूण म्हणून तुझ्या ओळीवर आणून टाकत होतो. तुझे बाबा कुंपणाशी येऊन ओरडले, "अरे कॉलेजसोड्या, पोरगी समुद्रापार लियोंला, आणि तू तिच्या वेलींना गोधड्या घालतोयस?" माझं डोकंच फिरलं. फावडं त्यांच्या पायाशी भिरकावलं. त्यांनी ते उचललं आणि दुसऱ्या टोकाकडून कामाला लागले.

मार्चमध्ये, कोणत्या वेली जगल्यात ते बघायला, काड्या कापून स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्यांत ठेवल्या. फ्राँतनाक फुटली. तुझ्या काड्या ढिम्म. बाबांनी ब्लेडनं काडीवरचा एकेक डोळा चिरला. आत सगळा तपकिरी, मेलेला. "मातीखाली काय उरलंय ते बघू," एवढंच म्हणाले. मेमध्ये भर काढली, आणि थोड्याच दिवसांत बुंध्याशी लुसलुशीत हिरवी फूट! मी वेड्यासारखा फोटो काढून तुला पाठवला. "माझी ओळ जगली तर परत येईन," असं तूच म्हणाली होतीस ना. त्याच संध्याकाळी तुझा निरोप: ऑगस्टचं तिकीट काढलं. मी बाबांना अशी मिठी मारली की त्यांची टोपी चिखलात पडली.

पानं मोठी व्हायला लागली तसे बाबा रोज ती उलटसुलट करून बघू लागले. काल एक पान तोडून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "ही पिनो नाही रे, एलोई. कलमाच्या खालून आलीय." तुझं कलम मेलंय, आरियान. ज्या जंगली खुंटावर ते बांधलं होतं, तेवढा जगलाय. मी म्हटलं, तिला आत्ताच कळवतो. तर म्हणाले, "येऊ दे आधी. एकदा आली की राहील." आयुष्यात गिऱ्हाइकालासुद्धा कधी न फसवलेला माणूस.

म्हणून त्यांच्या नकळत हे लिहितोय. तिकीट रद्द कर. सोमवारी आम्ही ओळ उपटणार, तिथे फ्राँतनाक लावणार. ओळीसाठी नाही तर माझ्यासाठी ये, असं लिहायला बसलो होतो. पण मी तर दोन वर्षं इथेच आहे, कॉलेज सोडून, तुझ्याच ओळीत. तेवढ्यासाठी तू कधी तिकीट काढलं नाहीस.

तुला नको असलो तरी तुझाच,
एलोई