फोन ओटीवरच ठेव

२५ ऑक्टोबर

आलो बाई एकदाचे! गिरीज गावचं हे घर म्हणजे नुसती चैन आहे. पुढे ओटी, मागे केळीची वाडी, आणि आईच्या खाटेवरून थेट नारळाचे शेंडे दिसतात. अर्धांगवायूने अंग गेल्यापासून तिने चार भिंतींपलीकडे काही पाहिलं नव्हतं. दुपारभर तिची नजर खिडकीवरून हटली नाही आणि मलाच म्हणते, बाहेर बघ जरा, किती कामात असतेस. शेजारीच मालकीण प्रिस्काबाई राहतात. त्या केळ्यांची फणी घेऊन आल्या.

मोबाइलला मात्र घरात रेंज नाही, रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून लँडलाइन घ्यायचं ठरवलं. प्रिस्काबाई म्हणाल्या, बाय, फोन ओटीवरच ठेव, आमच्या वाडीत कुणी आत नेत नाही. मी हो हो म्हटलं. फोन माझ्या आईसाठी आहे, वाटसरूंसाठी नाही.

२७ ऑक्टोबर

फोनवाला दीपेश ओटीची भिंत फोडायलाच निघाला होता. तेवढ्यात आईच्या खोलीत कपाटामागे सिमेंटने बुजवलेलं जुनं सॉकेट दिसलं. पाइप रेडी आहे मॅडम, तोडफोड नको, म्हणाला. आंधळा मागतो एक डोळा! सॉकेट नेमकं आईच्या उशाशी आलं. कॉर्डलेसचे दोन हँडसेट आहेत, एक तिच्या चांगल्या, डाव्या हाताशी, दुसरा माझ्याजवळ. तिने इंटरकॉमचं बटण दाबलं की मी हजर. दाबून मला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि म्हणाली, काही नाही गं संपे, चालतोय का ते बघितलं. असं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी मी डाफरले.

२८ ऑक्टोबर

ऑफिसशी फोनवर बोलताना मध्येच घाव घातल्याचा आवाज आला, शहाळं तासताना येतो तसा. साहेबांनी विचारलं, घरात काय फोडताय? तेवढ्यात फोन बंद. वाडीत तर कुणी नव्हतं. मग सॉकेटजवळची वायर तुटलेली दिसली. कुरतडलेली नव्हे, एका घावात तिरकी कापलेली. दीपेश नवी जोडून गेला, उंदरांना शिव्या घालत.

३० ऑक्टोबर

आईने इंटरकॉमवरून पाणी मागितलं. तिच्या आवाजामागे कुणी पुरुष धापा टाकत होता.

धावत गेले. आई ठीक होती, पण तिच्या कानाशी उशी उभी चिरलेली, कापूस खोलीभर. मी प्रिस्काबाईंच्या दारात जाऊन किंचाळले. त्या रडायलाच लागल्या. एडवर्ड त्यांचा दीर, याच घरात राहायचा. बायकोला, कॅथरीनला, मारायचा. फोन ओटीवर, तो तिथेच बसून असायचा, मग माहेरी सांगणार कशी? म्हणून तिने गुपचूप सॉकेट आत बसवून घेतलं. माहेरी फोन लावला, त्यांनी हे घर पाहिलेलं नव्हतं, पत्ता पुरा सांगेपर्यंत हा कोयता घेऊन आत. आधी वायर तोडली, मग तिला. तो पुढे तुरुंगात मेला. पण तिथे आत कुणी फोनवर बोललं की... एवढंच म्हणून त्यांनी क्रूसाची खूण केली.

आधी का नाही सांगितलं म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले. सांगितलं असतं तर यांचं घर रिकामं पडलं असतं ना!

३१ ऑक्टोबर

प्लग उपटला. दोन्ही हँडसेट ट्रंकेत, कुलूप लावून. आईला बजावलं, हाक मार, फोन नको. प्रिस्काबाई आणि मी तिची खाट ओढत ओटीवर आणली. रस्त्यावर जाऊन गाडी ठरवली. सोमवारी येईल. तोवर ओटीवरच राहायचं.

१ नोव्हेंबर

मोबाइल आईच्या पायाशी ठेवला होता. उभे दोन तुकडे. ओटीवर! आत नाही, ओटीवर—

ट्रंकेत हँडसेट वाजतायत. प्लग नसताना.

कॉर्डलेसला एक जागा नसते. आता त्यालाही नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सगळी वाडी दफनभूमीत, मेणबत्त्या घेऊन. मी विहिरीवर होते. आईची किंकाळी.

हँडसेट तिच्या मांडीवर. ट्रंकेला कुलूप तसंच. वाजला म्हणून उचलला, म्हणाली, मला वाटलं तूच—

डावा हात. तेवढाच तर चालत होता. मनगटापासून लोंबतोय. साडी फाडून आवळली. रक्त थांबत नाही.

प्रिस्काबाईंच्या दाराला कुलूप. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

फोन करायलाच हवा. बोलले तर तो येणार. नाही बोलले तर आई जाणार.

तिच्याजवळ नको. हँडसेट घेऊन आत जाते, त्याच खोलीत. येऊ दे माझ्या अंगावर.

प्लग लावला. लागला फोन! थांबा म्हणतात, रुग्णवाहिका बघतात. थांबलेय. तोवर लिहितेय. बोलत नाही तोवर तो नुसता उभा आहे. कपाटाशी. धाप ऐकू येते—

मला भीती वाटते आई. पण पत्ता पुरा सांगणार. पुरा सांगितल्याशिवाय—

आले लाइनवर. गिरीज, तळ्यामागची वाडी, प्रिस्काबाईंच्या शेजारचं, ओटीवर माझी आई—