बाटलीतली हळद

९ जानेवारी, सकाळ
आजपासून डॉक्टरांची शुगरची गोळी बंद. कायमची. मेहुण्याने हळदीच्या कॅप्सूलची बाटली दिली आहे. नैसर्गिक. साइड इफेक्ट शून्य. एप्रिलअखेर कंपनीची मेडिकल. शुगर जास्त निघाली की क्रेनवरून उतरवतात आणि गेटवर पास फाडायला बसवतात. माझ्या क्रेनच्या केबिनवर माझा हेल्पर लंबू डोळा ठेवून आहे. बस म्हणावं वाट बघत.
बायको म्हणाली, पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं, डॉक्टरांना तरी विचारा. डॉक्टर काय, गोळीचीच बाजू घेणार.

१४ जानेवारी
शुगर वाढली. जुनी गोळी अंगातून बाहेर पडतेय, असं मेहुणा म्हणाला. शास्त्रीय वाटलं. बायको डॉक्टरांकडे जाऊन आली. पाठ दुखते म्हणे.

२० जानेवारी
बायको एकदम निवळली. कॅप्सूल आता स्वतः माझ्या हातावर ठेवते. नाश्त्याला बसल्यावरच, आधी नाही, नंतर नाही. माझ्या ठामपणाचा परिणाम. तक्रार एकच. भाजी हल्ली फार पिवळी होते.

४ फेब्रुवारी
शुगर उतरली! मीटरवर पुन्हा पुन्हा बघितलं. मेहुण्याने खुशीत आणखी दोन बाटल्या गळ्यात मारल्या. जेवणाच्या सुट्टीत लंबूला हळदीवर लेक्चर दिलं. तो ऐकत नव्हता, जेवत होता.
बायकोची नखं पिवळी झालीत. हात नीट धूत जा म्हटलं. तिने ताटात आणखी भाजी वाढली.

२ मार्च
डॉक्टर रस्त्यात भेटले. ताठ मानेने शुगरचा आकडा सांगितला. चांगलं आहे, चालू द्या, म्हणाले. खुद्द डॉक्टर! हरलेल्या माणसाला आणखी टोचू नये म्हणून मीच विषय बदलला. घरी सांगितलं तर बायको म्हणे, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नका. अर्ध्या कुठे, दुसरी बाटली संपत आली.

३ एप्रिल
मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. बायको महिनाभर तिकडे. जाताना कॅप्सूल डबीत काढून ठेवल्या. यातल्याच घ्या, बाटलीला हात लावू नका, असं दारातून परत येऊन बजावलं. बायकांना डब्यांचा भारी सोस. उघड्यावर काढलेल्या हळदीचा जोर जातो, एवढंही कळत नाही. ती रिक्षात बसल्यावर नवी सीलबंद बाटली फोडली.

११ एप्रिल
हळदीचे ढेकर येतायत. जानेवारीत सुरुवातीला यायचे, मग थांबले होते. ताजा माल तो ताजाच! बायकोने फोनवर विचारलं, डबीतल्याच घेताय ना? हो म्हटलं. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला.

१८ एप्रिल
मीटर बिघडलं. इतका आकडा शक्यच नाही. आता बघणारच नाही. केबिनमध्ये उन्हामुळे घसा सारखा कोरडा पडतो. पाणी पितो आणि लघवीसाठी शिडी उतरतो, पुन्हा चढतो. लंबू म्हणाला, काय, खाली यायची सवय करताय वाटतं? नालायक.

२२ एप्रिल
कंटेनर टेकवताना जमिनीवरची पांढरी रेघ पुसट दिसली. जरा जोरात आपटला. खालची माणसं पळाली. कुणाला लागलं नाही. उतरायच्या आधी काच पुसली. काच स्वच्छच होती.

२७ एप्रिल
मेडिकल. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि मला बसून घ्या म्हणाल्या. तेव्हाच ओळखलं. शुगर ताब्यात येईपर्यंत क्रेन बंद. लॅबने माझं रक्त दुसऱ्या कुणाच्या नावावर घातलं असणार.
तडक मेहुण्याला जाब विचारायला निघालो. तो औषधाच्या दुकानातच सापडला. हातात शुगरच्या गोळ्या. तीच, मी बंद केलेली! कित्येक वर्षं घेतोय म्हणे. मग हळद कोण घेतं, विचारलं. मला सोसत नाही, पित्त होतं, म्हणाला. हत्तीचे खायचे दात वेगळे असतात ते हे असे.

३ मे
बायको आली. डबी भरलेली बघून तिने एकेक कॅप्सूल मोजली. मग सगळं बाहेर आलं. जानेवारीपासून ती एकेक कॅप्सूल उघडून आतली हळद काढत होती आणि त्यात डॉक्टरांची छोटी गोळी घालत होती. डॉक्टरांना विचारून! काढलेली हळद भाजीत. म्हणजे डॉक्टरांचं ते ‘चालू द्या’ हळदीसाठी नव्हतंच.
मेहुणा फितूर, डॉक्टर फितूर, बायको फितूर. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी खूप बोललो. तिने एकच विचारलं, मी फोन केला तेव्हा हो का म्हणालात?
सध्या तिच्याशी बोलणं बंद आहे. कुणी बंद केलं ते नक्की सांगता येत नाही.

५ मे
गेटवर पहिला दिवस. स्टूल डुगडुगतं. वर लंबू. कंटेनर अलगद ठेवतो मेला, आवाजसुद्धा येत नाही. मेहुण्याचा फोन आला. आता त्याच्याकडे मेथीच्या कॅप्सूल आल्यात. लगेच ठेवून दिला. म्हणजे, आधी पूर्ण ऐकून घेतलं.
सकाळी मीच आधी बोललो. बायकोला म्हटलं, गोळी घेतो, पण कॅप्सूलमध्ये घालून दे, मला सवय झालीय. तिने गोळ्यांची स्ट्रिप तशीच ताटाशेजारी ठेवली आणि कपडे वाळत घालायला गेली. तिची नखं आता स्वच्छ आहेत.
स्ट्रिप माझी मलाच फोडावी लागली.