आईच्या पाळण्यातला कूलर

रविवार, संध्याकाळ. चौबे कॉलोनी.

आई जाऊन महिना झाला. उन्हाळ्यात मी तिच्यासमोर माइक ठेवून तिनं गायलेला पाळणा रेकॉर्ड केला होता. मागं कूलरची घरघर. मध्येच थांबून, माइकपासून तोंड वळवून तिनं हळूच विचारलं होतं, "कूलर बंद करू का रे? पण तुले गरमी होईन."

आज माझ्या पोट्टीनं ऑडिओ प्रोसेसरवर रेकॉर्डिंग साफ केलं. घरघर गेली. आईचं ते हळू बोलणंही गेलं. तिथं आता नुसती शांतता. मूळ फाइलही तिनं पुसली.

"पापा, नॉइज़ ही तो हटाया है."

कूलरचा आवाज नको, हे मीच तिले सांगितलं होतं.

आता थंडी आहे, तरी कूलर लावून तो पाळणा ऐकून राहिलो. ती शांतता आली की मी म्हणतो, राहू दे आई, चालूच राहू दे.