रुओलानच्या रिसीव्हचं काय करायचं

३ मार्च, शेन्यांग
प्रांताच्या महिला टेबल टेनिस संघाचा विश्लेषक म्हणून सोळावं वर्ष. रुओलान माझी मुलगी असली तरी माझ्या लेखी संघातल्या इतर खेळाडूंसारखीच. काल २-४ हरली. फुटेज चारदा पाहिलं. सर्व्हवर ६१ टक्के गुण. फक्कड. रिसीव्हवर, म्हणजे समोरचीची सर्व्ह परतवताना, ३४. रोग सापडला. चौदा पानी रिपोर्ट तयार. वर्षअखेर पोरगी राष्ट्रीय संघात, लिहून ठेवतो.
संकल्प: जेवताना टेबल टेनिसचा विषय नाही.

४ मार्च
संकल्प मोडला. पण कारण होतं. ताटात डंपलिंग मांडून दाखवले की सगळे चेंडू तिच्या कोपराशी येतात. तिने कोपराचा एक खाल्ला आणि उठली. पोट भरलं म्हणाली.

१५ मार्च
ताप. ताल्येनच्या सामन्याला जाता आलं नाही. रुओलान ४-० जिंकली. समोरची किरकोळ असणार.
(रात्री पाहिलं. तीच, जिच्याकडून मागे हरली. तिलाही ताप असेल.)

२८ मार्च
बरा झालो. पहिल्या रांगेत बसलो. हरली. हॉलचे दिवे खराब.

६ एप्रिल
कोच माओ बाई म्हणाल्या, "लाओ थान, तक्त्यात एक रकाना वाढव. तू समोर होतास की नाही." हसलो. त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून भरला. मी हजर: एकोणीस सामने, सहा विजय. मी गैरहजर: बावीस, सतरा विजय. नमुना फारच लहान. या धंद्यातला कोणीही सांगेल.

१९ एप्रिल
राष्ट्रीय संघाच्या निवडीचा सामना. खबरदारी म्हणून शेवटच्या रांगेत, टोपी आणि मास्क. २-० पुढे होती. मग तिने वर पाहिलं. २-४. रिसीव्ह २९.

७ मे
रुओलानने दक्षिणेच्या एका प्रांताकडे बदली मागितली. मंजूर. मला माओ बाईंकडून कळलं. रुओलानला विचारलं तर म्हणाली, "मीच त्यांना सांगायला लावलं, बाबा. मला तुमच्यासमोर जमलं नसतं." चांगलंच आहे, तिकडे सरावाला डावखुऱ्या मुली आहेत. दर आठवड्याला रिपोर्ट पाठवतो म्हटलं. ती म्हणाली, "नका पाठवू." ठीक. पंधरवड्याने पाठवीन.

२६ मे
ती गेली त्याला आठ दिवस. नव्या संघासाठी तिचे सगळे सामने नीट लावून ठेवावेत म्हणून मूळ फुटेज काढलं. एरवी दोन गुणांमधला वेळ मी कापूनच टाकतो. त्यात खेळ नसतो.
२८ मार्चचा सामना. कॅमेरा पलीकडच्या टोकाला, त्यामुळे पहिल्या रांगेतला मीही दिसतो. गुण संपला की रुओलान टॉवेलने हात पुसते आणि माझ्याकडे बघते. हरलेल्या गुणानंतर बघते. जिंकलेल्या गुणानंतरही. तिसऱ्या गेममध्ये तिने एक अशक्य चेंडू परतवला, सगळा हॉल उभा राहिला, तिने हसत मान वळवली.
मी वहीत खाली मान घालून लिहीत होतो.
शेवटपर्यंत पाहिलं. बहात्तर वेळा वळली. मी एकदाही वर पाहिलं नाही.