आईला हुरूप यायचा तेव्हा

आई,

तुझी नात आजारी आहे. तू तिला पाहिलं नाहीस, तुला जाऊन बरीच वर्षं झाल्यावर ती झाली. आता अकरावीला आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि नाक थेट तुझं. दिवाळीनंतर ती कॉलेजला जाईनाशी झाली. भिंतीकडं तोंड करून पडायची, वाढलेलं ताट तसंच राहायचं, मैत्रिणी आल्या की "झोपलीय म्हणून सांग" म्हणायची. मी आधी मोबाईलला दोष दिला, मग अभ्यासाला, मग तिच्या वडलांच्या लाडाला. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, आणि महिन्यातून दोनदा परभणीहून मनाचे डॉक्टर येतात तेव्हा बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटची माहिती मीच लिहून घेते. तरी स्वतःच्या पोरीचं कळायला मला दीड महिना लागला.

त्या टेबलावर मात्र माझी हुशारी उतू जात असते. केस पेपरवर एक प्रश्न असतो, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. सरळ विचारलं की एकच उत्तर, "न्हाई ओ सिस्टर, आमच्यात कुणालाच न्हाई." म्हणून मी सरळ विचारतच नाही. पेन खाली ठेवते, पाणी देते, आणि गप्पा मारल्यासारखं विचारते की घरातून कुणी न सांगता निघून गेलं होतं का, कुणी महिना महिना अंथरुणात पडून राहायचं का, कुणाला देवाचं फारच वेड होतं का. मग हळूहळू निघतं. एक म्हातारी मला म्हणाली, "तसं म्हणाल तर दीर होता माझा, भिताडाशी बोलायचा. पण आजार नव्हता त्याला, सभावच होता तसा." मी हसले आणि पेन उचललं. नव्या पोरींना मी शिकवत असते, बायांनो, पेन हातात असलं की माणूस खोटं बोलतं.

पोरीला मी आमच्या दवाखान्यात दाखवलं नाही. चार लोकांत कशाला, म्हणून परभणीला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई माझ्यापेक्षा वयानं लहान, शांत. पोरीशी एकटीशी तासभर बोलल्या, मग आम्हा नवराबायकोला आत बोलावलं. मुलांनाही मोठ्यांसारखंच हे होतं, म्हणाल्या, फक्त त्यांना ते सांगता येत नाही आणि आपण त्याला आळस म्हणतो. गोळ्या देऊ, बोलायला आणत राहा. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला असं काही होतं? दोन्हीकडच्या?" हे घाईनं म्हणाले, "आमच्यात कुणाला नाही." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या हातात पेन होतं. मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले ते तुला कळेल. सेलूचं हे स्थळ आलं तेव्हा पाथरीच्या आत्यानं मला स्वयंपाकघरात नेऊन दम दिला होता. "आई कशानं गेली इचारलं तर तापानं गेली म्हण. पुढं एक शबूद न्हाई." मी तसंच सांगितलं. ते खोटंही नव्हतं, तू तापानंच गेलीस. तेवढं एक वाक्य मी इतकी वर्षं जपून वापरलं, सासूबाईंपुढं, नणंदांपुढं, यांच्यापुढंसुद्धा. माझ्या पोरीला उद्या स्थळं येतील, हेही त्या खुर्चीत बसल्या बसल्या मनात आलं, ते कशाला लपवू? सोळा वर्षांची पोर बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेली, आणि मी तिच्या लग्नाचं बघत होते.

आपल्या घरात तुझ्या आजाराला नावच नव्हतं. तू पडून असायचीस तेव्हा अण्णा नातेवाइकांना पत्रात "हिची प्रकृती जरा बरी नाही" एवढंच लिहायचे. आत्या म्हणायची बाहेरचं झालंय, आणि दर्ग्यावरून ताईत आणून तुझ्या दंडाला बांधायची. तू तो बांधून घ्यायचीस, नको म्हणायचंही त्राण तुला नसायचं. मग एका सकाळी तू उठायचीस, न्हायचीस, आणि घरभर चुन्याचा आणि निळीचा वास सुटायचा. तू भिंतींना चुना लावायला घेतलेला असायचा. दुपारपर्यंत अंगणात गल्लीतल्या सगळ्या बाया गोळा, शेवयांच्या बाजा मांडलेल्या, तू बोलते आहेस, गातेस, कुणाच्या पाठीत धपाटा घालतेस. अण्णा सुटल्यासारखे म्हणायचे, "आईला हुरूप आला." आजार म्हणजे ते पडून राहणं, आणि हुरूप म्हणजे बरं होणं, असंच आम्ही समजत होतो. तुझ्या पडून राहण्यावर ताईत होते, नवस होते. हुरुपावर औषध शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार?

आणि मला तर त्याचीच वाट असायची. मी तिसरीत आहे. संक्रांत चार दिवसांवर आलीय, आणि शाळा चालू असताना तू मला खिडकीतून खुणावून बाहेर काढलंयस. वर्गावर अण्णाच गुरुजी, पण ते फळ्याकडं तोंड करून आहेत. आपण वाणाचं सामान आणायला झरीहून परभणीला निघालोय. एसटीत तू पुढच्या आणि मागच्या बाकावरच्या बायांशी एकाच वेळी बोलते आहेस. मग डाव्या हाताला करडईचं शेत येतं, सगळं पिवळं, मधूनच केशरी, आणि त्याच्यावर पौषातलं मऊ ऊन. तू उठून उभी राहतेस. "थांबवा हो गाडी!" कंडक्टर म्हणतो, "काय झालं बाई? इथं थांबा न्हाई." तू म्हणतेस, "न्हाई म्हणूनच उतरायलो आमी." सगळी गाडी हसते, आणि गाडी खरंच थांबते.

आपण त्या शेतात शिरतो. करडईला काटे असतात, तुझं लुगडं जागोजाग अडकतं, तू ते सोडवतही नाहीस, तशीच पुढं जातेस. बांधापलीकडं ज्वारीच्या शेतात एक बाई आगटीवर हुरडा भाजते आहे. तिची नि तुझी जन्माची ओळख असावी तशी तू तिच्याजवळ फतकल मारून बसतेस. ती तळहातावर कणसं चोळते, गरम हिरवे दाणे माझ्या ओंजळीत पडतात. तू बोलते आहेस, थांबतच नाहीस. आकाशात कोणते पक्षी कुठून आलेत, या शेताखाली पाणी किती हातांवर आहे, पुढच्या वर्षी आपण इथंच घर बांधणार आहोत. मला सगळं खरं वाटतं. निघताना तू हातातल्या बांगड्या काढून त्या बाईच्या पोरीच्या हातात घालतेस, आणि आपण कुणाच्या तरी बैलगाडीतून परत येतो. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी उलटं आकाश बघते आहे. वाणाचं सामान आणलेलंच नाही. दारात अण्णा उभे आहेत. "गुरुजीची बायको हाईस तू. जरा भान ठेवत जा," एवढंच ते बोलले, आणि तू हसलीस. पंधरा दिवसांनी तू पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडलीस. तेव्हा मला वाटलं होतं, अण्णा रागावले म्हणून.

तुझ्या शेवटच्या आठवड्याचं लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आलेले. तू पडून होतीस. अण्णा चहा ठेवायचे, गार झाला की उचलायचे. आम्हाला सवयच झाली होती, तुझं नेहमीचंच आहे म्हणून कुणी जवळ बसलं नाही. चौथ्या दिवशी तुझी वेणी घालायला म्हणून मी डोक्याला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. ताप मोजायला शिकून आलेली मुलगी मी, आणि तीन दिवस त्याच घरात वावरत होते. परभणीला नेईपर्यंत उशीर झाला होता.

आता पोरीचं सांगते. गोळ्या सुरू होऊन तिसरा आठवडा लागला होता. सकाळी भांड्यांच्या आवाजानं मला जाग आली. बाहेर येऊन बघते तर पोरीनं फडताळातली सगळी भांडी अंगणात आणून मांडलेली, पितळी चिंचेनं घासून लखलखीत, आणि ती गाणं म्हणत स्टीलची घासते आहे. केस मोकळे, डोळे टपोरे. "आई, चहा टाक, आज मी सगळ्यांना पोहे करणारे, आणि माझी खोली निळी करायचीय मला." हे दारात येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "औषधाला गुण आला गं," म्हणाले, आणि कामावर, कापसाच्या जिनिंगमध्ये, पेढे वाटायला घेऊन गेले. मी ओट्यावर बसले. ती बोलत होती, एका वाक्यातून दुसऱ्यात उडी मारत, आणि मी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तिनं खोली निळी केली. आम्ही दोघी बाजारात जाऊन बांगड्या भरून आलो, दुकानातल्या बाईलाही तिनं हसवून हसवून पुरेवाट केली. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर निघताना वर पाहिलं. ती गच्चीच्या कठड्यावर उभी होती, एका हातात रंगाचा डबा, बाहेरच्या भिंतीवर मोर काढायला खाली वाकलेली. मी ओरडले. ती खळखळून हसली. "पडत न्हाई गं आई, मला काहीसुदिक होत न्हाई!"

यांनी तिला धरून खाली आणलं, आणि मी अंगणातूनच फोन लावला. मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. माझ्या आईला होतं." बाई रागावल्या नाहीत. आईंना नेमकं काय व्हायचं ते सांगा, म्हणाल्या. आणि आई, मी सांगायला लागले ते मला थांबताच येईना. भिंती, शेवया, बांगड्या, करडईचं शेत, सगळं. इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल मी पहिल्यांदाच कुणाशी बोलले, आणि हे पोरीला धरून ओसरीत सगळं ऐकत बसले होते. बाई म्हणाल्या, आजारच तो, एकाच आजाराची दोन टोकं. रक्तात असलं तर नुसती उदासीची गोळी पोराला उलटी दुसऱ्या टोकाला फेकते. त्या दिवशी कळलं असतं तर ही गोळी एकटी दिलीच नसती. आजपासून बंद करा, दुपारच्या आत घेऊन या.

हे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, "तापानं गेल्या म्हणाला होतात तुम्ही लोक." मी म्हणाले, तापानंच गेली. त्यांनी तांब्या उचलला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरीला तरी सगळं सांग. तिच्याजवळ लपवू नकोस." मी सांगितलं. तिनं तुझा फोटो मागून घेतला, आणि तिच्या निळ्या खोलीत लावला.

नव्या गोळ्यांनी तिचे हात जरा थरथरतात, वजन वाढलंय, दर काही दिवसांनी रक्त तपासावं लागतं. पण कॉलेजला जाते, जेवते, झोपते, माझ्याशी भांडतेसुद्धा. बरी आहे. पूर्वीसारखं पडून राहत नाही आणि उठून भांडीही मांडत नाही. मी एकदा बाईंना विचारलं, करडईच्या शेतात मला घेऊन गेली ती माझी आई होती का तिचा आजार? त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार, सिस्टर." मला त्यांचा राग आला, आणि बरंही वाटलं.

हे मी दवाखान्यातल्या कोऱ्या केस पेपरांच्या पाठीवर लिहायलेय. तुला पोचायचं नाही, आणि घरात कुणाला वाचायला देण्यासारखंही नाही, कारण एक सांगायचं राहिलंय. फोनवर बाईंनी विचारलं होतं, तुमच्या हे कधी लक्षात आलं? मी म्हणाले, आज सकाळी. आई, पहिल्या दिवशी, ती अंगणात तुझ्यासारखी मान मागं टाकून हसली तेव्हाच मी ओळखलं होतं. पुन्हा असं झालं तर त्याच मिनिटाला फोन लावीन, पोरीची शपथ. पण ते तीन दिवस तू घरात होतीस, आणि मला लय आनंद झाला होता.