गाडी पळताना पाहिलेला माणूस

इंग्लंड, शर्यतीच्या मैदानाबाहेरचं एक शेत
शुक्रवार, दुपारचे दोन

ती. अर्जियाताईस,

धाकट्या लेआर्कोचा एका हाताने नमस्कार (दुसरा भाजलाय. काळजीचं कारण नाही, तुझ्याच रश्श्याने भाजलाय, ते पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? नोव्हेल्लाराला उकाडा असेल, तेव्हा कारखान्याच्या मागच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांग, नाहीतर दुधाच्या पंपांची रबरं चिकटतात. इथे कॅलेंडरात जुलै आहे, पण आम्ही सगळे स्वेटर घालून एका शेतकऱ्याच्या कुंपणाला टेकून बसलोय आणि समोर त्याच्या मेंढ्या आमच्याकडे बघतायत. पत्राला तसं कारण काही नाही. मागायचं तर मुळीच काही नाही. सहज आठवण आली म्हणून लिहितो.

आठवण कशाची, तर गेल्या रविवारच्या जेवणाची. सगळ्यांदेखत, हातात डाव धरून, तू म्हणालीस, "लेआर्को, ती गाडी पळताना पाहिलेला एक माणूस मला दाखव. एकच. मग मी सही करते." सगळे हसले, आपला पाद्रीसुद्धा हसला (त्याला तिसऱ्यांदा कोण वाढत होतं ते मी पाहिलं). कारखाना निम्मा तुझा, निम्मा माझा. दोघांच्या सह्या असल्याशिवाय पुढच्या शर्यतीला आपल्या संघाचं नाव जात नाही, आणि ज्या संघाचं नाव एकदा आलं नाही त्याला यादीतून कायमचं खोडतात. हे तुला माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. मग तू वाईनेरदाजींना साक्षीदार म्हणून आमच्या ट्रकमध्ये बसवून दिलंस, कारण दाजी खोटं बोलत नाहीत. बरोबर आहे. वर्षाकाठी चार वाक्यं बोलणाऱ्या माणसाला खोटं बोलायला जागाच कुठे उरते?

ताई, तुझा प्रश्न अन्यायाचा होता असं मी म्हणत नाही. पहिल्या शर्यतीला आपली गाडी जकातीत अडकली, कारण कागद तुझ्या ऑफिसातल्या छापील फॉर्मवर केले होते आणि त्यावर वरतीच छापलंय 'दूध काढण्याचे यंत्र'. साहेबाने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि सड कुठे लावतात ते विचारलं. दुसऱ्या शर्यतीला गाडी पोचली, पण चालकाची बैठक इंजिनियर सेत्तिमोने स्वतःच्या मापाने केली होती. सेत्तिमो पाच फूट दोन इंच आणि आपला एर्मेस सहा फूट एक. त्याचे गुडघे कानाशी आले, आणि गियर टाकताना तो स्वतःलाच कोपराने मारत होता. घराजवळच्या इमोलाच्या शर्यतीला तर गावाहून दोन बस भरून लोक आले, झेंडे, टोप्या, बँड सगळं घेऊन. त्यांना जागा मिळाली दुसऱ्या वळणावर. गाडी बंद पडली पहिल्या वळणावर. म्हणजे गाडी पळाली होती, ताई. पण जिथे पळाली तिथे आपलं कोणी नव्हतं, आणि जिथे आपले लोक होते तिथे ती आली नाही.

आणि आम्हाला मिळतो तरी किती वेळ? मोठे संघ शुक्रवारी दहाला उठतात, कॉफी पितात, मग सावकाश गाडी बाहेर काढतात. आम्हा नव्यांना सकाळी आठ ते नऊ, एक तास. आम्ही नऊ जण असतो, त्यातले पहिले चार आत, बाकीच्यांनी दुपारी बाराच्या आत तंबू आवरून चालू लागायचं. दीड वर्ष एक वस्तू घडवायची आणि ती साठ मिनिटांत सिद्ध करायची. तुझा रस्सासुद्धा आठ तास घेतो, पण त्याला कोणी 'उशीर झाला, जा घरी' म्हणत नाही.

तर काल गुरुवारी दुपारी दाजींनी खिशातून हातोडी काढली. तीच, चीजच्या कोठारातली. तीस वर्षं त्या हातोडीने चीजच्या चाकाएवढ्या ढेपेवर टकटक करून, आत भेग आहे की भरीव आहे हे कानाने सांगणारा माणूस. तो गाडीपाशी वाकला आणि पुढच्या टोकापासून ठोकायला लागला. सेत्तिमोचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्याच्या आईच्या वयाविषयी चारचौघांत चौकशी करतंय. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे गृहस्थ तुमचे मेव्हणे असतील, पण हे यंत्र आहे, चीज नाही. दाजी ठोकत ठोकत मागच्या डाव्या चाकापाशी आले, थांबले, पुन्हा ठोकलं, आणि वर्षातलं पहिलं वाक्य खर्च केलं. "हे पोकळ आहे." सेत्तिमो हसला. दाजी हलेनात. तासभर ते चाकाशेजारी स्टूल टाकून बसून राहिले, शेवटी सेत्तिमोने वैतागून चाकामागचा सांधा उघडला. आत केसाएवढी भेग होती. तो सांधा आम्ही बदलला. (एर्मेसला आम्ही सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. पण रात्रीच्या जेवणात त्याने स्वतःच्या ताटातलं मांस दाजींच्या ताटात वाढलं.)

आज सकाळी सात वाजता आम्ही तयार होतो. एवढ्या थंडीत इंजिन तसंच चालू केलं तर फाटतं, म्हणून आधी त्यातून गरम पाणी फिरवावं लागतं. भिंतीला दोन नळ, एकावर 'सी', एकावर 'एच'. आता तूच सांग. 'सी' म्हणजे आपल्या इटालियनमध्ये काल्दो, गरम, हे नोव्हेल्लारातलं शेंबडं पोरही सांगेल. 'एच' हे अक्षर आपण लिहितो पण उच्चारत नाही. ज्याला तोंडातून आवाज काढता येत नाही, त्याच्या नळातून काय येणार? म्हणून 'सी'चा नळ सोडला. पाणी गार आलं. इंग्रजांचे बंब सावकाश तापत असतील असं धरून नळ सोडून ठेवला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. शेवटी भिंतीखालून पाणी शेजारच्या संघाच्या जागेत शिरलं आणि तिथला एक लांबलचक इंग्रज बुटांतून पाणी ओतत आमच्याकडे आला. 'सी'कडे बोट दाखवून तो कुडकुडला, 'एच'कडे बोट दाखवून त्याने कपाळाचा घाम पुसला. ज्या राष्ट्राने गारठ्याला 'सी' म्हटलं त्याच्याशी माझं आता काही बोलणं उरलेलं नाही. 'एच'चा नळ सोडला, तर त्याला फक्त खाकरल्यासारखा आवाज आला. सकाळचं गरम पाणी तोवर बाकीच्या आठ संघांनी आपापल्या इंजिनांसाठी संपवलं होतं.

आठला पाच कमी. बाकी आठही इंजिनं गुरगुरायला लागली होती. सेत्तिमो टायरवर बसला आणि म्हणाला, "संपलं." मलाही तेच वाटत होतं. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, त्या क्षणी मला तुझा डाव धरलेला हात दिसला आणि आपल्या बाबांना बंद करावं लागलेलं दुकान दिसलं. तेवढ्यात ट्रकमधून दाजी आले. हातात तुझं तांब्याचं मोठं पातेलं, त्यात तुझा रस्सा, कोंबडीचा, आठ तासांचा, दुपारच्या सारण भरलेल्या काप्पेल्लेत्ती शिजवायला सकाळीच उकळत ठेवलेला. त्यांनी तो स्वयंपाकाच्या फडक्यातून गाळून घेतला (चरबी तेवढी वर राहिली), पातेलं इंजिनाशेजारी ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

रस्सा इंजिनातून फिरवायचा कशाने? ट्रकमध्ये आपल्या कारखान्याचा एक दुधाचा पंप होता. विकायला घेतलेला नव्हता, कोणी गिऱ्हाईक भेटलंच तर दाखवायला म्हणून तूच ठेवला होतास, आणि मी त्यावरून तुझी टिंगल केली होती. ती टिंगल मी इथे मागे घेतो. पंप लावला (हात तेव्हा भाजला), रस्सा इंजिनात गेला, इंजिनातून बाहेर आला, पुन्हा गेला. सगळ्या आवारात रविवारच्या जेवणाचा वास सुटला. शेजारचे लोक पाना हातात धरून बघत उभे राहिले. मग रस्सा काढला, नळाचं पाणी भरलं, आणि आठ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी आपलं इंजिन सुरू झालं.

एकवीस मिनिटं होती. एर्मेसने अकरा फेऱ्या मारल्या. अकरा, ताई. आजवरचा आपला उच्चांक दीड होता. पहिल्या फेरीनंतर गाडी समोरून गेली तेव्हा सेत्तिमो घड्याळ दाबायला विसरला. चौथ्या फेरीला आपण नववे होतो, सातव्या फेरीला सहावे, दहाव्या फेरीला पाचवे. अकराव्या फेरीत निम्म्या वाटेवर आपली वेळ चौथ्या गाडीपेक्षा चांगली होती. शेवटच्या वळणावर दुसऱ्याची धूर सोडणारी गाडी आडवी आली, एर्मेसने क्षणभर पाय उचलला, आणि नऊ वाजले. आणखी एकच फेरी मिळाली असती तर हे पत्र मी शेतात बसून लिहिलं नसतं. आपण पाचवे आलो. चौथ्याहून सेकंदाच्या शंभरातल्या सहा भागांनी मागे. एवढ्यात तुझी पापणीसुद्धा लवत नाही.

तर हरलो. लिहून टाकलं, आता सुटलो. बाराला एक अधिकारी कागद घेऊन आला आणि जागा रिकामी करा म्हणाला. मी त्याला म्हटलं की आमचं जेवण व्हायचंय, आणि नोव्हेल्लाराची माणसं उपाशीपोटी कुठून हाकलली जात नाहीत. तो म्हणाला, मग शेतात जेवा. म्हणून शेतात जेवलो. रस्सा इंजिन प्यायलेलं, तेव्हा काप्पेल्लेत्ती नुसत्या लोण्यावर खाल्ल्या (आईला वर कळलं तर काय म्हणेल). वासाच्या मागावर तो बुटांत पाणी गेलेला इंग्रज आला, मग आणखी दोघे, मग एका बड्या संघाचा मुख्य मेकॅनिक, टोपी काढून. त्याला जेवायचं नव्हतं. त्याला दाजी हवे होते. दाजी गेले, त्याच्या गाडीवर टकटक केली, दोन ठिकाणी खडूने फुल्या मारून परत आले. अर्ध्या तासाने तो पुन्हा आला. दोन्ही ठिकाणी भेगा निघाल्या होत्या. त्याने दाजींना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. दुभाषी एर्मेस. दाजींनी हातोडी फडक्याने पुसली आणि म्हणाले, "मला संघ आहे."

ताई, मी दीड वर्ष या लोकांना पटवतोय की आपण एक संघ आहोत. बँकेला, जकातीला, पाद्र्याला, आरशातल्या मला. आज ते पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशिवाय म्हणालं. आणि म्हणालं कोण, तर तू पाठवलेला साक्षीदार. आता मोज. गाडी गरम झाली तुझ्या रश्श्याने, पातेलं तुझं, पंप तुझ्या हट्टाचा, चाक वाचवलं तुझ्या नवऱ्याने. यात माझं उरलं काय, एक भाजलेला हात. जो संघ तू बंद करू पाहतेस तो तुझाच आहे, आणि हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मी पुढच्या शर्यतीलाही सकाळी सातला हजर असेन, आणि त्याच्या पुढच्याही. पाचवा आलो तर पुन्हा येईन. नववा आलो तरी येईन. मला घालवायचं असेल तर त्यांना नळावरची अक्षरं रोज बदलावी लागतील.

पाद्र्याला सांग की त्याने तिसऱ्यांदा वाढून घ्यायला हरकत नाही, पण गाडीवर हसायचं असेल तर आधी पवित्र पाणी शिंपडायला यावं. गरम.

तुझा धाकटा, मुळीच न शरमलेला,
लेआर्को

ता.क. वर मी इंग्रजांच्या नळांविषयी बरंच लिहिलंय. नळ मीच सोडला होता. सेत्तिमो पाचव्या मिनिटाला म्हणाला की दुसरा सोडून बघू, आणि मीच त्याला म्हटलं की मला अक्षरं येतात. ती एक फेरी मी घालवली.

ता.क. दुसरा. पत्र घेऊन एर्मेस येतोय, सोमवारी सकाळी त्याची ट्रॅक्टरच्या कारखान्यात पाळी आहे. त्याच्या खिशात एक कागद आहे. खाली उजवीकडे, जिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही लागते, आणि तो सोमवारी दुपारी बाराच्या आत फॅक्सने जायला हवा. मागायचं काही नाही असं मी म्हटलं होतं, ते सोडून दे. एर्मेस लाजाळू आहे, तोंडाने मागणार नाही, नुसता दारात उभा राहील. दाजींचे दोन सदरे आणि रक्तदाबाच्या गोळ्याही त्याच्याबरोबर दे, ते पुढच्या शर्यतीपर्यंत परत यायचं नाही म्हणतायत. आणि रस्सा दुप्पट. सेत्तिमो म्हणतो, मीठ न घालता.

ता.क. तिसरा (हे अक्षर माझं नाही, तू ओळखशीलच).

अर्जिया, तू पाहायला पाठवलंस, पण मी पाहिली नाही. समोरून गेली तेव्हा डोळे मिटले होते. अकराही वेळा ऐकली. आतून भरीव आहे. सही कर.